उकिडवी

लातूरच्या दवाखान्यात गुडघ्यावर गार जेल,
पडद्यावर करडे धागे, एकाला एक लागून,
भिजवून वळलेल्या अंबाडीच्या दोरीसारखे.
"ही कंडरा. वाटीखालून नडगीला जाते.
ताणली की आता उशिरा परतते."
उशिरा म्हणजे किती,
मी विचारलं नाही.

कळंबला, मुरमाच्या मैदानावर
चौथ्या चौकोनात बसायचे मी.
आठांत सगळ्यात बुटकी.
टाच किंचित वर, बोटं जमिनीला,
आणि मांडी अशी भरलेली
की सायकलच्या ट्यूबची गलोल
कानापर्यंत ओढावी
नि खडा अजून चिमटीतच.
मुळजकर बाई ओरडायच्या,
"उठू नको गं, सुट!"
उठणं वेगळं, सुटणं वेगळं,
हे मांडीला आधी कळलं, मला मागून.
पाठीवर हात पडायचा, खो,
मी निघालेली असायचे.

बाईंनी एक सांगितलं नव्हतं.
फार वेळ ताणून धरलं
तर ओढ सगळी परत मिळत नाही,
थोडी ऊब होऊन आतच मुरते.
परळीविरुद्ध शेवटच्या डावात
जाहिदा माझ्या मागून धावत गेली,
खो दिला पाचव्या चौकोनातल्या मंदाकिनीला.
शिट्टी होईपर्यंत मी बसलेली,
भरलेली.

डॉक्टर म्हणाले, जिन्यात कठडा धरत जा.
धरते.
काल बँकेच्या रांगेत मागून कुणी
पाठीला हात लावला,
"मावशी, सरका की पुढं."
सरकले.
पण त्याच्या आधी
टाच उचलली होती.