लोखंड बाहेर

भागू सांगते, तिथं एक लाकडी खोपटं आहे,
तळापासून तीनशे पावलांवर.
खिळे पितळेचे, कडी तांब्याची,
आणि आत जाताना
चावी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, केसांतला आकडा
बाहेर डब्यात काढून ठेवायचं.
देवळात चपला काढतो तसंच की, मी म्हणालो.
नाही नाना, देव एखाद वेळी चालवून घेतो,
हे यंत्र नाही घेत.

मी चौतीस वर्षं जॉबर.
साखर पेठेत सोळा मागांच्या शेडमध्ये उभा राहून
डोळे मिटून सांगतो,
सातव्याचा धोटा आज कडेला घासतोय.
माझ्या कपड्यांत, घामात, थुंकीतसुद्धा लोखंड.
मला त्या खोपट्यात कोण घेणार?

ती बघते काय,
तर एक रेघ.
पृथ्वीच्या पोटातली ओढ दिवसभर कशी हलते, त्याची.
आपल्या सोलापुरात ती फार हलत नाही म्हणे.
दुपारी बाराच्या सुमाराला जरा चढते, उतरते,
उन्हातून फिरून आलेल्या माणसासारखी.
तिकडं टोकाला मात्र
सूर्यानं काही फेकलं की रेघ
तुटलेल्या ताण्यासारखी फरफटत जाते
आणि आकाश हिरवं होतं.
हिरवं म्हणजे कसलं गं बिड्डा,
चादरीवरच्या मोरासारखं?
फोनवर बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाली, खूप धुतलेल्या चादरीवरच्या.

जूनमध्ये एक घोळ झाला.
रोज सकाळी रेघेत एक बारीक गाठ यायची,
पाच नॅनोटेस्लाची,
दहा मिनिटं, मग पुन्हा सरळ.
सूर्य तर कित्येक दिवसांत उगवलाच नव्हता.
साहेबांनी केबल बदलली, बर्फ उकरला, शिव्या दिल्या.
अठराव्या दिवशी सापडली:
भागूच्या स्वेटरच्या आतल्या शिवणीत
अम्मानं टोचून दिलेली सेफ्टी पिन,
तिच्यात काळा दोरा.
गाठी सगळ्या आकड्यांतून काढून टाकल्या.
हिला सांगितलं, तर विडीच्या सुपातून मान वर न करता
हिनं विचारलं, पाच म्हणजे जास्त की कमी?
काय की, मी म्हणालो.

मीही एक टांगलंय घरी.
लोणच्याची रिकामी बरणी, रेशमाचा एकच तंतू,
बिघडलेल्या रेडिओतल्या चुंबकाचा तुकडा,
त्याला परकराची आरशाची टिकली,
आणि टॉर्चचा ठिपका समोरच्या भिंतीवर.
शेजारचे माग चालू असले की ठिपका थयथय नाचतो,
त्यातली पृथ्वी कुठली आणि टॉवेल कुठला, कोण सांगणार.
म्हणून लाईट बंद असते त्या वारी
पत्र्याचा साचा, अडकित्ता, हिची कात्री
गल्लीच्या टोकाला, मेहुणीकडं नेऊन ठेवतो.
कात्रीशिवाय माझा हजाराचा भरणा कसा व्हायचा,
ही विचारते.
मी ठिपक्याकडं बघत बसतो.

भागूच्या धंद्यात म्हणे
महिन्यातले पाच सगळ्यात शांत दिवस निवडतात
आणि त्यांच्यावरून बाकीच्यांची खळबळ मोजतात.
मी आमचे निवडायला बसलो.
मिल बंद झाली तो महिना धरावा का, कळेना.
आवाजाचंच म्हणाल
तर तेवढा शांत दुसरा नव्हता.

गेल्या आठवड्यात दोन रात्री तिचा फोन लागला नाही.
दुसऱ्या रात्री ठिपका
पेन्सिलीच्या खुणेपासून दोन जव डावीकडं सरकला,
थांबला, थरथरला,
आणि पाऊण तासानं माघारी आला.
ट्रक गेला असेल.
महेबूबनं मोटरसायकल भिंतीला टेकवली असेल.
खिडकीतून बघितलं, गल्लीत कुत्रं होतं, बस.

वहीत वेळ मांडून ठेवलीय:
रात्री एक चाळीस,
तिच्याकडचे संध्याकाळचे आठ दहा.
शेजारचा रकाना कोरा,
तिचा आकडा येईल तेव्हा लिहायला.
कात्री परत आणलीय.