ऱ्हिओचं पान

ऐरोली. अकरावी ब, दुपारचं प्रॅक्टिकल.
ऱ्हिओ आमच्याच व्हरांड्यातल्या कुंडीतला,
पानाची पाठ जांभळी, वांग्याच्या सालीसारखी.
ब्लेडने एक पापुद्रा सोलायचा, इतका पातळ
की बोटावर आहे की नाही कळू नये.

आधी साधं पाणी. भिंगाखाली पेशी काठोकाठ,
एकीला एक चिकटून बसवलेल्या जांभळ्या फरश्या.
मग मिठाच्या पाण्याचा थेंब.
दोन मिनिटं काहीच नाही.
मग रंग भिंतीपासून अंग चोरू लागतो,
कोपऱ्यांतून सुटतो, मधोमध गोळा होतो,
लग्नघरात ओळखीचं कुणी न भेटलेल्या पाहुण्यासारखा.

आवरण म्हणजे दारावरचा वॉचमन,
मी बावीस वर्षं हेच सांगत आले.
वहीत नाव लिहा, फ्लॅट नंबर लिहा, आत जा.
पण तिथे वॉचमन नाही.
स्निग्धाचे कण आहेत नुसते, दोन रांगांत,
डोकी पाण्याकडे, शेपट्या एकमेकींकडे.
पाणी टाळायचं एवढ्याच कारणाने जवळ आलेले,
आणि त्या टाळण्यातून
आत आणि बाहेर, असे दोन शब्द तयार झाले.
मधेमधे प्रथिनांच्या फटी. ज्याचा आकार जुळेल, तोच आत.
पाणी ये-जा करतं. मीठ बाहेर तिष्ठतं.
आणि पाणी, लबाड, मिठाकडेच ओढलं जातं.

"मॅडम, तिवराचं पान चाटलंय कधी?"
मागच्या बाकावरून चेतना मढवी. दिवा कोळीवाडा.
पहाटे आईबरोबर चिखलात निवट्या धरून आलेली,
मनगटावर खाडी वाळून पांढरी.
"खारट लागतं. मुळाशी अडवतं जमेल तेवढं,
उरलेलं पानावर आणून टाकतं.
सकाळी बघा, खडे चमकतात."

नाही चाटलं, मी म्हटलं.

पुढचा मुद्दा पंपांचा होता. आपल्या पेशींतल्या.
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
पुन्हा तीन, पुन्हा दोन, झोपेतसुद्धा.
स्वस्थ बसलेल्या माणसाच्या घासाघासातला
केवढा तरी वाटा यातच जातो.
म्हणजे चेतना मागच्या बाकावर डोळे मिटते
तेव्हाही फुकट बसलेली नसते.
हे मी फळ्यावर लिहिलं नाही.

शेवटचा प्रयोग पोरांच्या आवडीचा.
पान उकळत्या पाण्यात. मिनिटभरात
चंचुपात्र कोकम सरबतासारखं देखणं.
वा! म्हणतो वर्ग.
मी सांगते, लिहून घ्या,
पेशी मेली. आता ती कुणालाच नाही म्हणत नाही.

घंटेनंतर स्लाइड धुताना
पहिल्या पापुद्र्यावर सहज साधं पाणी सोडलं.
चेतना दप्तर खांद्यावर घेऊन उभी होती.
तिने एक डोळा मिटून भिंगात पाहिलं.
"भरली का, मॅडम?"
"भरतेय. थांब जरा."