पॅक

वडशाहून दुपारी टेम्पो सुटायचा,
पडदे, लाकडी तलवारी, ऑर्गन,
आणि ऑर्गनच्या पाठीला टेकून पत्ते पिसणारा फागू मास्तर.
नाटकात तो कुणाला कधी दिसला नाही.
विंगेत वही घेऊन बसायचा,
दुसऱ्यांची वाक्यं अर्धा श्वास आधी बोलायचा.

पहिल्याच रात्री मी सत्तर रुपये घालवले.
पडदा ओढायचे दीडशे मिळत.
मास्तर म्हणाला, "तू हरला नाईस बे, कंटाळला.
दहा डाव आले, दहाही खेळला.
त्यातले सात फेकाचे असतेत.
बोडीवर गरी टाकून बसते तो मानूस पाहाय,
पानी हलवते का?"

मग नवरगावच्या रस्त्यावर, धानाच्या बांध्यांमधून
टेम्पो उडत असताना थोडं थोडं सांगायचा.
शेवटी बोलायची जागा मिळाली तर सोडू नको.
खेळाचे पैसे डाव्या खिशात, घरचे उजव्या.
आणि उजवा खिसा तो खरंच शिवून टाकायचा,
रेवताबाईकडून सुई मागून, रोज,
पहाटे दातांनी टाके तोडायचा.

"नट लोकायसोबत खेळाले सोपं," म्हणायचा,
"खोटं बोलाचं असलं का आवाज चढवतेत.
खऱ्याले जोर लागत नाई."
दादू लांजेवार, आमचा खलनायक,
हातात काही नसलं की गडगडून हसायचा.
चांगली पानं आली
की त्याची विडी बोटांतच विझून जायची.
रेवताबाई तीन चाली ब्लाइंड,
चौथीला पानं पाहून पदर सारखा केला
तर समजावं, रिकामी आहे.

"आन् थाप माराची तं पयल्या अंकापासून मार.
तिसऱ्या अंकात एकदम मेलेला बाप जित्ता झाला
तं पब्लिक मानत नाई."

मंडईची रात्र. दुसरा अंक संपला होता,
तिसऱ्याला उशीर; राजाची दाढी सापडत नव्हती.
स्टेजमागे तणशीवर सतरंजी,
मधे आठशे रुपये,
उरलो मी आणि मास्तर.
माझ्याकडे सत्ती, दुर्री, गुलाम.
एकमेकांना ओळखही न देणारी तीन पानं.
पण मी पहिल्या चालीपासून तेच सांगत आलो होतो,
हळू आवाजात, न चढवता.
शंभर टाकले.
मास्तरने माझ्याकडे पाहिलं,
एखादं लहान वाक्य वाचायला लागतं तेवढंच.
"पॅक."

मी त्याची पानं उलटली. उलटायची नसतात.
तिन्ही किलवर, वर राजा.

"वाचलं बरोबर गा," तो म्हणाला,
"वहीच खोटी होती."
ना शिवी, ना सुस्कारा.
लोटाभर पाणी प्यायला, चष्मा पुसला,
तिसरी घंटा झाली तसा विंगेत जाऊन बसला
आणि मरणाऱ्या राजाला शब्दन् शब्द देत राहिला,
कुठेही न अडखळता.

मी दोरीपाशी उभा.
नोटा पुन्हा मोजत होतो,
आठशे की साडेआठशे,
पुढच्या मंडईत काय काय जिंकेन,
समोर राजा मेला, दादूही मेला,
टाळ्या वाजल्या, थांबल्या,
दादूच्या नाकावर डास बसला,
मेलेल्या दादूने तो मारला,
पब्लिक हसू लागलं,

आणि समोरच्या विंगेतून,
जन्मात पहिल्यांदा
वाक्यानंतर अर्धा श्वास उशिरा,
फक्त माझ्यासाठी:
"पडदा, बे. पडदा."