अस्मान

माझे तातो अकराशे कुस्त्या हरले.
आकडा त्यांचाच, दुधाच्या बिलांमागे पेन्सिलीने मांडलेला.
मूस जॉ, यॉर्कटन, स्विफ्ट करंट, मेडिसिन हॅट:
जिथे गव्हाची कोठारं तिथे एक हॉल,
जिथे हॉल तिथे दोरांचा चौकोन,
आणि त्यात पाठ टेकायला ओरेस्ट ह्रिन्चुक.
मानधन पस्तीस डॉलर, जेवण ज्याचं त्याचं.
निकाल येतानाच मोटारीत ठरायचा,
पण आपटणं खरं असायचं.

तळघरात, बॉयलरशेजारी, त्यांचं कपाट.
चार फळ्यांवर त्रेचाळीस पैलवान, वीतभर उंचीचे,
कोपरात वाकणारे, कमरेत फिरणारे,
रंगवलेल्या दंडांवर कधी न वाळणारा घाम.
शेजारी म्हणत, म्हातारा पुन्हा लहान झाला.
त्यांना माहीत नव्हतं,
तातो फक्त तेच जमवत
ज्यांनी त्यांना चितपट केलं होतं.

एकदा रिजायनाहून पेल्टियर नावाचा संग्राहक आला,
सुती हातमोजे घालून.
"खोकी कुठायत? सीलबंद असते तर दसपट आले असते."
तातो म्हणाले, "इतकी वर्षं कुणाला श्वास कोंडायला लावू नये."
आणि एकेकाला खाली उतरवून ओळख करून देऊ लागले.
हा लाल चड्डीवाला. यानं माझा खांदा निखळवला,
मग रात्री मोटेलवर बार्लीचं सूप घेऊन आला.
हा मुखवट्यातला. उचलून आपटताना
माझ्या मानेखाली तळहात सरकवायचा, कुणाला न दिसता.
कारखान्याने याच्या मुठी वळलेल्या केल्यात.
ते चुकलंय.

तिसऱ्या फळीवर, दोघा धिप्पाडांच्या मधे, एक मीठदाणी.
तो ड्यूक कॅरिगन.
त्याचा साचा निघायच्या आतच
एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत गाडी बर्फावरून घसरली.
तातो मागच्या सीटवर झोपलेले होते.
मीठदाणी कुठली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.
धूळ मात्र तिचीच आधी पुसत.

"आणि तुमचा पुतळा?" मी विचारलं होतं.
"पडणाऱ्याचा साचा काढत नाहीत, दार्का.
काढला असता तरी तो उभा कसा राहिला असता?"
आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

मला सायकलच्या आधी पडायला शिकवलं त्यांनी,
जुन्या गादीवर, रविवारी, चर्चहून आल्यावर.
हनुवटी छातीला. हात पसर. श्वास सोडून दे.
जमिनीला सगळ्या अंगाने भेट.
एकट्या कोपराने भेटायला गेलीस की मोडते ती.

तातो गेले. मार्चमध्ये पेल्टियरचा फोन आला.
छप्पर गळत होतं, मी हो म्हटलं.
एकेकाला उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं,
मीठदाणी आधी ठेवली नाही, मग ठेवली,
आणि खोकं छातीशी धरून गाडीकडे निघाले.
पायरीवर बर्फ, बर्फावर नुकतं वितळलेलं पाणी.

पाय गेले.

हनुवटी छातीला लागली, मला न विचारता.
श्वास सुटला.
हात तेवढे पसरले नाहीत, त्यांत खोकं होतं.
मी अंगणात उताणी, खोकं माझ्यावर,
खोक्यात त्रेचाळीस जण आणि ड्यूक,
सगळे मिळून माझे खांदे जमिनीला टेकवून.
आत काही फुटल्याचा आवाज आला नाही.
तोंडात मात्र चिमूटभर खारट काहीतरी.

वर सास्काचेवानचं आभाळ,
कोठारापासून कोठारापर्यंत, मधे एक झाड नाही.
अस्मान दाखवणं म्हणतात ते हेच असेल
तर तातोंनी ते अकराशे वेळा पाहिलं होतं,
हॉलच्या पत्र्याखालून.

समोरची मिसेस डूर्कसन दारातून ओरडली,
"लागलं का गं?"
मी उत्तर दिलं नाही, मी मोजत होते.
एक.
दोन.
तिनाच्या आत खांदा उचलायचा की नाही,
हे कुणी येताना मोटारीत ठरवलं नव्हतं.