उशिरा हसली

पुन्ता अरेनासच्या दवाखान्यातलं माझं पिवळं कार्ड
काल शिवणाच्या डब्यात सापडलं, बटणांखाली.
वजन: ठीक. उंची: ठीक.
'हसते का?' याच्यापुढे नर्स एदुविनाची फुली,
तिसऱ्या महिन्यात, चौथ्यात,
पाचव्यात पेन जरा जास्तच दाबलेलं.

आईनं मला उपाशी ठेवलं नाही कधी.
बाटली वेळेवर, मनगटावर थेंब टाकून पाहिलेली,
लंगोट कोरडे, लोकरी मोजे जोडीचे.
फक्त तिचा चेहरा
'बंद'ची पाटी लावलेलं दुकान,
आत दिवा मात्र चालू.
मी काचेवर टकटक करत असणार,
आधी हसू पाहून, मग हातपाय झाडून, मग रडून.
मग म्हणे मी रडायचंच सोडलं
आणि शेजारी म्हणाले, किती गुणी पोर!

बाबा बोटीवर, खेकड्यांच्या हंगामात.
घरात बोलायचा तो फक्त रेडिओ:
सामुद्रधुनीत वारा, पश्चिमेकडून, ताशी साठ.
माझा पहिला शब्द 'वारा'.
तोही दोन वर्षं उलटल्यावर.
'आई' त्याच्याही नंतर.
(हे झोर्का मावशी सांगते. आई इथे उठून किटली ठेवते.)

एका बुधवारी एदुविनानं मला काट्यावर ठेवलंच नाही.
कोट न काढता ती आईसमोर बसली,
"दानित्सा, तुझं काय?"
प्रश्न आपल्याला आहे हे कळायलाच
आईला, म्हणे, चहा गार होईपर्यंतचा वेळ लागला.

गोळ्या. दर आठवड्याची बस. मी मावशीकडे.
पुन्हा गोळ्या, वेगळ्या रंगाच्या.
मग कधीतरी आरशासमोर
मला कडेवर घेऊन तिनं जीभ बाहेर काढली.
मी नुसती बघत राहिले.
तिनं पुन्हा काढली.
अकराव्या वेळी (ती मोजत होती) मीही काढली.

कार्डावर वेगळ्या शाईत: 'उशिरा हसली.'
कार्ड तिथे संपतं.

मी फेरीबोटीच्या खिडकीत तिकिटं विकते.
माणूस रांगेत असतानाच मला कळतं
कोण भांडून आलंय, कोण परतीचं तिकीट घेणार नाही.
साहेब याला हुशारी म्हणतात.
मी ती कुठे गिरवली मला ठाऊक आहे:
एका चेहऱ्यावर, रोज, हवामान शोधत.
घरी कुणी दोन मिनिटं गप्प बसलं
तर अजून माझे तळवे घामेजतात.

आज आईला कार्ड दाखवलं.
चष्मा लावून तिनं फुल्यांवरून बोट फिरवलं,
एकेका फुलीवर थांबत.
काही बोलली नाही.
माझे तळवे.

मग वर बघून, सत्तरीची ही बाई,
कवळी सावरत
जीभ बाहेर काढते.