दोन्हीकडे चि. सौ. कां.

कायदा झाला त्या दिवशी चोपड्यात लाइट नव्हती,
म्हणून बातमी पायी आली:
आधी एसटी स्टँडच्या चहावर, मग दगडू वारुळेच्या सलूनमध्ये,
तिथून अर्धीच दाढी झालेल्या एका गिऱ्हाइकासोबत
माझ्या प्रेसच्या पायरीवर.
'आते काय ऱ्हायनं, अण्णा?' तो म्हणाला.
गालावरचा फेस वाळत चालला होता.

काय राहिलं ते मला विचारू नका.
मी लग्नपत्रिका छापतो.

गुलाब बँडचा मालक बोटं मोजत बसला:
वराती दोन की एक, घोड्या किती.
सगळ्या गावात तेवढा एकच माणूस मला प्रामाणिक वाटला.

केळीच्या वखारीतल्या बाया हसल्या,
इतक्या, की हातातले घड खाली ठेवावे लागले.
मग शेवंताबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली,
'दोन्ही बायाच? मंग रातले दारू पिसन घर कोन ई?'
त्यानंतर बराच वेळ
कोणी हसलं नाही.

समाजाचे अध्यक्ष ठराव घेऊन आले:
अशा कार्यास कोणीही उपस्थित राहू नये.
दोनशे प्रती, तातडीनं.
'संस्कृती'ची वेलांटी चुकली होती, मी नीट करून दिली.
पैसे अजून यायचेत.

शनिवारी त्या दोघी आल्या.
दीपमाला बोरसे, शिरपूर गाडीवरची कंडक्टर,
खांद्यावर बॅगेच्या पट्ट्याचा वळ,
आणि रमीला पावरा, वैजापूरच्या दवाखान्यातली नर्स.
स्क्रीनवर माझा जुना साचा:
डावीकडे वर, उजवीकडे वधू, मध्ये गणपती.
'वर' खोडला. कर्सर लुकलुकत राहिला.
'डावीकडे कोण?' मी विचारलं.
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.
'टॉस करा,' रमीला म्हणाली,
आणि दीपमालानं सवयीनं सुटं काढलं.

चि. सौ. कां.
आजवर हजारदा छापलं, उलगडून कधी वाचलं नव्हतं.
त्यानं नुसतं चिरंजीव असायचं,
आणि ते चिरंजीवपण इच्छायचं तिनं एकटीनं.
आता डावीकडे तेच, उजवीकडेही तेच.
दोघी एकमेकींसाठी इच्छिणार.
गणपतीला हलवावं लागलं नाही.

खर्चाचा अंदाज लिहून द्यायला मी ड्रॉवर उघडला.
आमच्याकडे कच्चा हिशेब लिहितात तो
एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर.
रमीलानं कागद उलटला.
चि. मुरलीधर.
माझा थोरला भाऊ. शिशाचे खिळे एकेक वेचून
मी जुळवलेली पहिली पत्रिका.
लग्नाला आठ दिवस असताना तो गेला,
भुसावळच्या लोकोशेडमधल्या एका फिटरसोबत, सुरतेला.
पाचशे पत्रिका पडून.
वडील एवढंच म्हणाले,
मागची बाजू कोरी आहे, वापर.
वापरली. शाळेची पावतीपुस्तकं, उसाची पोस्टर्स, दशक्रियेची कार्डं,
सगळ्यांचे भाव
त्याच्या नावामागे लिहून दिले.

'या लग्नाचं काय झालं?'
'झालं नाही.'
तिनं पुढं विचारलं नाही. कागद घडी घालून
पर्समध्ये ठेवला, जपून,
माझ्याकडे एवढा जपून तो कुणी नेला नव्हता.

दीपमालानं घासाघीस केली. शंभर कमी करा म्हणाली.
नाही केले.
इतरांना करत नाही, तुम्हाला का करू?
ती हसली, आणि मोजून पूर्ण दिले,
दहा-दहाच्या नोटा,
तिकिटांचा वास असलेल्या.

रात्री शटर ओढण्याआधी
एक पत्रिका जास्तीची काढली.
पाकिटावर मुरलीधरचं नाव लिहिलं. खाली सुरत.
त्याच्या शेजारी त्या फिटरचं नाव लिहायचं होतं,
ते घरात कधी कोणी उच्चारलंच नाही.
पेन तिथंच धरून बसलोय.