हरवले-सापडले

बर्गन स्टेशनच्या तळघरात माझी खिडकी.
बावीस वर्षं झाली.
मागे कप्पे. कप्प्यांत हातमोजे, नेहमी डावाच;
एक कवळी, बासरीचं अर्धं अंग,
आणि छत्र्या, छत्र्या, छत्र्या.
आमच्या गावात आभाळ सदा गळकं,
छत्री विसरणं इथे शिंकेइतकं साधं.

पहिल्याच वर्षी एक माणूस काचेवर मूठ आपटत आला.
काळी. लाकडी दांड्याची. किती वेळ लावता तुम्ही लोक?
मी नियम वाचून दाखवला, कलम चार.
त्याचा आवाज चढला,
माझा त्याच्या खांद्यावर चढला.
शेजारी तुर्लाइफ पार्सलच्या दोरीला गाठ मारत होता,
निवृत्तीला सहा महिने उरलेला, शब्द जपून खर्चणारा.
मान वर न करता म्हणाला,
छत्रीसाठी कुणी एवढं ओरडत नाही गं, गुनवोर.
विचार, कुणाची होती.

मला खुळचटपणा वाटला. तरी विचारलं.
मूठ काचेवरच राहिली, बोटं तेवढी सुटली.
बाबांची, म्हणाला. मंगळवारी पुरलं त्यांना.
येताना गाडीत राहिली.
मग आम्ही दोघांनी मिळून एकशे चाळीस दांडे चाचपले.
नाही सापडली.
जाताना त्याने आभार मानले, सापडल्यासारखे.

तेव्हापासून कान जरा खाली धरायला शिकले,
शब्दांच्या खालच्या मजल्यावर.
'काही विशेष नाही' असं तीनदा म्हणणारी बाई
काहीतरी विशेषच शोधत असते.
गुरुवारचे आजोबा राखाडी मोजा विचारतात,
तो त्यांच्याच खिशातून डोकावत असतो;
मी रजिस्टर उघडते, पानं सावकाश उलटते,
हवापाण्याचं बोलते.
फार हसणाऱ्यांना मी आधी खुर्ची देते.

पण खरं सांगू? हे सगळं पाचपर्यंत.
घरी आले की कोटासोबत कानही
खुंटीला टांगून ठेवायचे.

नोव्हेंबरात सिन्नेव्हने दार आपटलं. पंधरा वर्षांची पोर.
ताट तसंच, माशावरच्या रश्शाला साय धरलेली.
मी खालून ओरडले, बिजागऱ्या फुकट येत नाहीत!
आवाज जिन्यात घुमून माझ्याकडेच परत आला
आणि ओळखीचा वाटला.
कलम चार.

पायरीवर बसले. छातीत काहीतरी उकळत होतं.
सवयीने पर्समधून कोरा फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला.
वस्तू: राग, असं लिहिलं.
बघत राहिले. खोडलं.
लिहिलं: भीती.
वर्णन: पातळ, थंड. रागाचा कोट घालून हिंडते.
शेवटची कुठे पाहिली: तिचे वडील बॅग भरत होते,
आणि जाताना त्यांनीही दार
पुढे लिहवेना.
उकळी मात्र बसली होती,
नावाने हाक मारल्यावर
भुंकणारं कुत्रं जागच्या जागी बसावं, तशी.

दुसरा फॉर्म कोराच दाराखालून आत सरकवला. पेनही.
तासभर गेला. भांडी घासली, आवाज न करता.
वर आले, तर कागदाचा कोपरा माझ्या बाजूला:

वस्तू: मैत्रीण, एक.
रंग: इथे पेन बराच वेळ टेकलेलं, शाईचा टपोरा ठिपका.
शेवटची कुठे पाहिली: मधल्या सुट्टीत. दुसरीबरोबर हसताना.
सापडल्यास कळवावे का: रकाना रिकामा.

'मिळेल गं दुसरी' हे वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.
गिळलं. खरखरीत होतं, पण गिळलं.
दाराला पाठ लावून जमिनीवर बसले.
थोड्या वेळाने पलीकडून
दाराची फळी करकरली,
बरोबर माझ्या पाठीच्या उंचीवर.